ब्लॅकमेलच्या वाटेवर: शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू ते ब्रिटिश म्युझियम

पिकॅडिली सर्कसला ट्यूबमधून वर आलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. "आधी गिलगुड," मी भाचीला म्हटलं.

"मावशी, तिथल्या नाटकाची तिकिटं कुठे काढलीयेत आपण?"

तिकीट नकोच होतं. मला ती इमारत बघायची होती. 1994 साली गिलगुड हे नाव मिळण्याआधी हे थिएटर ग्लोब म्हणून ओळखलं जायचं, आणि 1928 साली चार्ल्स बेनेट यांचं 'ब्लॅकमेल' इथेच रंगमंचावर आलं. नायिका होती टॅलुला बँकहेड. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉकने त्याचा चित्रपट केला, आधी मुका, मग बोलका. आदल्या रात्रीच आम्ही दोघींनी तो बोलपट पाहिला होता, त्यामुळे सगळं डोक्यात ताजं होतं.

दुकानदाराची मुलगी ॲलिस. तिचा मित्र स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह. त्याच्याशी भांडून ती एका चित्रकाराबरोबर त्याच्या स्टुडिओत जाते. तो जबरदस्ती करू लागतो, तेव्हा हाताला लागलेल्या पावाच्या सुरीने तिच्याकडून त्याचा खून होतो. रात्रभर ती लंडनच्या रस्त्यांवर भटकते. सकाळी घरी न्याहारीच्या वेळी एक शेजारीण त्या खुनाबद्दल अखंड बडबडत असते. हळूहळू तिचे बाकीचे शब्द पुसट होत जातात आणि ॲलिसच्या कानावर एकच शब्द आदळत राहतो, "नाइफ... नाइफ..." तेवढ्यात वडील सांगतात, जरा पाव काप. सुरी तिच्या हातातून उडते. काल या प्रसंगाला भाचीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

ॲलिसचं काम करणाऱ्या ॲनी ओंड्राचं इंग्रजी परदेशी वळणाचं. आवाज मागाहून भरायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभी राहून संवाद बोलायची आणि ओंड्रा फक्त ओठ हलवायची. एका भूमिकेसाठी दोन बायका एकाच क्षणी राबत होत्या! या चित्रपटाबद्दल बोलताना लोक शेवटच्या पाठलागाचं कौतुक करतात. मला मात्र ती न्याहारीच श्रेष्ठ वाटते. चार भिंती, टेबल, माणसं, म्हणजे सगळं नाटकाचंच सामान. पण एका शब्दाला असं कानाजवळ आणणं रंगमंचाला जमलं नसतं.

पाठलाग मूळ नाटकात नाही. तो जिथे घडतो तिथे आम्ही चालतच गेलो. ग्रेट रसेल स्ट्रीटवर वळलं की ब्रिटिश म्युझियमचे खांब दिसू लागतात. चित्रपटात त्या खुनावरून ॲलिसला ब्लॅकमेल करणारा ट्रेसी इथे पोलिसांपुढे पळत सुटतो, वर चढतो आणि वाचनालयाच्या घुमटाच्या काचेतून खाली कोसळतो. 1857 सालचा तो घुमट आता आतल्या चौकावरच्या काचेच्या छताच्या मधोमध आहे. 2012 साली याच म्युझियमच्या अंगणात मोठा पडदा लावून मूकपट दाखवला होता. तेव्हा इथे असते तर!

इजिप्तच्या दालनात मी रामसेस राजाच्या त्या प्रचंड मस्तकासमोर बसले. उंची 2.67 मीटर. ट्रेसी अशाच एका अवाढव्य दगडी चेहऱ्याशेजारून दोरीने खाली उतरतो. म्युझियममध्ये शूटिंगपुरता उजेडच नव्हता. मग हिचकॉकने अर्धा-अर्धा तास एक्स्पोजर देऊन, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग तेवढा वेळ उघडं ठेवून, इथले फोटो काढून घेतले. स्टुडिओत त्यांच्या पारदर्शिका मागून उजळल्या आणि त्यांचं प्रतिबिंब तिरप्या आरशात घेतलं. जिथे माणूस दिसायला हवा तेवढाच आरशाचा पारा खरवडून काढला, पलीकडे नट उभा केला. म्हणजे म्युझियम आणि माणूस एकाच चौकटीत दिसले.

"कॉफी आणते," म्हणत भाची निघाली. मी घड्याळ लावून बसले. एका फोटोचा अर्धा तास. समोरून शाळेची पोरं गेली, एक आजोबा काठी टेकत गेले, कुणी सेल्फी काढला. त्या जुन्या कॅमेऱ्यात यांतलं कुणीच उमटलं नसतं. उमटला असता तो फक्त दगड. भाची परत आली तेव्हा अकरा मिनिटं बाकी होती. मी तिला शेजारी बसवलं.