भूतकाळाचा तास

बात्तमबांग, कंबोडिया, २ ऑक्टोबर २०२४, बुधवार

आज प्चुम बेनची, म्हणजे येथल्या पितृपंधरवड्याच्या शेवटची, सुट्टी. पहाटे साडेतीनला खालच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि शिजणाऱ्या चिकट तांदळाचा वास जिन्यावरून वर आला, तेव्हा उठून बसावे की तसेच पडून राहावे, हे मला बराच वेळ ठरवता येईना. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली यिये, म्हणजे आजी, म्हणते आणि मीही तेच म्हणते. खाली गेले तेव्हा त्या भातात तीळ कालवून लिंबाएवढे गोळे वळत होत्या. या गोळ्यांना बाय बेन म्हणतात. बाय म्हणजे भात आणि बेन म्हणजे आपले पिंड. ज्या महिन्याच्या वद्य पक्षात हे चालते त्याचे ख्मेर, म्हणजे इथल्या भाषेतले, नाव फोत्रोबोत, म्हणजे भाद्रपदच. आणि हे गोळे ज्यांच्यासाठी अंधारात देवळाच्या आवारात टाकायचे, त्यांना येथेही प्रेतच म्हणतात, फक्त उच्चार थोडा दबका आहे. नगरला आज सर्वपित्री अमावास्या. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे आमच्याकडे पान वाढले जात नसे, पण शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर कावळ्याची वाट पाहत बसण्यात माझे बालपणीचे अनेक सप्टेंबर गेले आहेत.

यियेंनी मला मदतीला बोलावले नाही आणि मीही आपण होऊन पुढे झाले नाही. मी चहा केला आणि टोपली दारापर्यंत नेऊन दिली. प्रेतांची तोंडे सुईच्या छिद्राएवढी असतात आणि त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून सगळे पहाटेपूर्वी उरकावे लागते, हे त्यांनी मला गेल्या वर्षीच समजावले होते. त्यांच्या भावाला कोठे पुरले हे घरात कोणालाच ठाऊक नाही. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज ही कम्युनिस्ट संघटना सत्तेवर आली आणि शहरे रिकामी करण्यात आली, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि आपल्याला लिहितावाचता येते हे त्यांनी पुढची पावणेचार वर्षे लपवून ठेवले. शिकलेला माणूस, त्यातही शिक्षक, असणे हा त्या काळात जिवावर बेतणारा गुन्हा होता. अशा गावात मी शिक्षिका म्हणून राहते आणि रस्त्यात मला ‘नाक क्रू’ अशी आदराने हाक मारली जाते. हा क्रू म्हणजे आपला गुरूच.

येथे आले तेव्हा ही भाषा मला परकी वाटेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मुळाक्षरांचा तक्ता उघडला आणि क, ख पासून ङ पर्यंतची आपलीच रांग ओळीने उभी असलेली दिसली. अर्थात उच्चारांत गफलत आहेच. ‘ग’च्या जागी आता ‘को’ म्हणतात आणि स्वर तर कोठल्या कोठे जातात. पण भाषेला फिएसा, शाळेला साला आणि मुख म्हणजे मुखच, हे ऐकून जो धीर आला तो नगरहून येथपर्यंतच्या प्रवासात कोणाच्याही प्रार्थनेने दिला नव्हता. हे पाळकसाहेबांना कळवलेले नाही.

मला पाठवणाऱ्या संस्थेचा सहामाही फॉर्म कालच पुन्हा आला आहे. त्यात वर्गांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या, खर्च आणि शेवटी ‘किती जणांनी प्रभूचा स्वीकार केला’ असा एक रकाना असतो. गेल्या तिन्ही वेळा मी तेथे शून्य लिहिले. पहिल्या वेळी सहानुभूतीचे पत्र आले, दुसऱ्या वेळी प्रार्थनेचे आश्वासन आले आणि तिसऱ्या वेळी, इंग्रजी हे सुवार्तेचे दार आहे याचे स्मरण करून देण्यात आले. मला त्या ‘दारा’चा राग आला. जी मुले दिवसभर बाजारात किंवा शेतात राबून संध्याकाळी साडेपाचच्या वर्गाला येतात, ती हॉटेलात, बँकेत, एखाद्या कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळावी म्हणून येतात. त्यांच्या त्या गरजेला आपण दार म्हणायचे, तर दाराच्या आत काय आहे ते आधी सांगायला नको का? येथील राज्यघटनेने बौद्ध धर्माला राज्यधर्म मानले आहे, तरी इतरांना उपासनेची मोकळीक आहे. मात्र घरोघरी जाऊन प्रचार करण्यास आणि धर्मांतरासाठी पैसा किंवा वस्तू देण्यास सरकारची मनाई आहे. मोफत इंग्रजी ही वस्तू आहे की नाही, याचा कायदा काय निकाल देईल तो देवो, पण बाजारात तिला भाव आहे एवढे निश्चित.

म्हणून माझ्या वर्गात बायबल नसते. मी ख्रिस्ती आहे आणि मला चर्चने पाठवले आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते, कोणी विचारले तर उत्तर देते, आणि रविवारी दुपारी येथल्या ख्मेर मंडळीच्या उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसते. तेथे पाळक ख्मेर, भाषा ख्मेर. मी शब्दकोश मांडीवर घेतलेली विद्यार्थिनी. पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी या देशात १९२३ मध्ये आले आणि संपूर्ण बायबल ख्मेर भाषेत येण्यास १९५४ साल उजाडले. तीस वर्षे त्यांनी इकडची भाषा शिकण्यात घालवली, आणि आम्ही मात्र आमचीही नसलेली भाषा घेऊन येतो, याची मला कधी कधी लाज वाटते.

गंमत अशी की हा वाद माझ्या गावाला नवा नाही. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले, तेव्हा मिशनने इंग्रजी शाळांवर पैसा खर्च करावा का, हाच प्रश्न नगरलाही होता. अँडरसन यांचे मत स्पष्ट होते: इंग्रजी शिकलेला मुलगा नोकरीकडे जातो, मंडळीकडे येत नाही, तेव्हा शिकवायचे ते मराठीतून. त्यांच्या दौऱ्यानंतर मिशनच्या इंग्रजी शाळा आवरत्या घेण्यात आल्या. त्यांचे निदान अचूक होते, पण ज्या मुलांच्या पुढ्यातून ती शाळा उचलली गेली त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न मला माझ्या वर्गातील पहिला बाक पाहिला की पडतो. याउलट सिंथिया फरार या अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईस आल्या, पुढे नगरला मुलींना मराठीतून शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. त्यांच्या शाळेत किती मुली ख्रिस्ती झाल्या हे मला कोणी सांगितले नाही. पण ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती आणि मग पुण्यात काय झाले ते शाळेतल्या पोरालाही पाठ असते. फॉर्मच्या रकान्यात हे कोठे बसवायचे?

सुट्टीपूर्वीचा शेवटचा तास भूतकाळाचा होता. ख्मेर क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘काल’ म्हटले की काम भागते. त्यामुळे हा धडा दरवेळी जड जातो, शिवाय शब्दाच्या शेवटचा ‘स’ यांच्या जिभेवर ‘ह’ होतो, तो वेगळाच छळ. (माझे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच आहेत हे एका मुलाने मला यूट्यूब लावून सिद्ध करून दाखवले, तेव्हा या विषयावर मी फार बोलत नाही.) सणाचे दिवस म्हणून आजी-आजोबांवर पाच वाक्ये लिहायला दिली होती. चौथ्या बाकावरची मुलगी भाताच्या गिरणीत हिशेब लिहिते आणि तिचे अक्षर फार सुबक आहे. तिने लिहिले होते: माय ग्रँडफादर इज अ टीचर. ही टीच मॅथ. ही डाय इन १९७७.

लाल पेन हातात घेऊन मी त्या पहिल्या ‘इज’वर थांबले. जो माणूस पंधरवडाभर घरी येऊन, पिंड घेऊन, आज परत जाणार आहे, त्याच्यासाठी ती मुलगी ‘आहे’ म्हणते, यात ख्मेर व्याकरणाचा वाटा किती आणि श्रद्धेचा किती, हे मला सांगता येणार नाही. माझी श्रद्धा निराळी आहे; मेलेली माणसे भुकेली फिरतात असे मी मानत नाही, आणि ती प्रभूमध्ये जिवंत आहेत असे मात्र मानते. म्हणजे माझ्या हिशेबानेही ‘इज’ पूर्णपणे चूक नाही. तरीही मी ते खोडले आणि वर ‘वॉज’ लिहिले, ‘टॉट’ लिहिले, ‘डाइड’ लिहिले. तिची परीक्षा डिसेंबरात आहे आणि मी येथे इंग्रजी शिकवण्यासाठी राहते. तिने वही घेतली, दुरुस्त वाक्ये खाली नीट उतरवून काढली आणि हात जोडून निघून गेली.

उजाडल्यावर यिये परतल्या. पदर नसतो, पण पदराला पुसावेत तसे हात साँपोतला, म्हणजे कमरेच्या वस्त्राला, पुसत त्यांनी केळीच्या पानात बांधलेले दोन आन्सोम, म्हणजे चिकट भाताचे वळे, माझ्यापुढे ठेवले, एक डुकराच्या मांसाचा, एक केळ्याचा. तुमच्याकडे मेलेल्यांना काय देता, असे त्यांनी विचारले. मी मोडक्या ख्मेरमध्ये सांगितले की ईस्टरच्या पहाटे आई कबरस्तानात जाते, कबर धुते, फुले ठेवते आणि आम्ही गाणी म्हणतो. जेवायला काही नाही? नाही, म्हटले. त्यांना ते फारसे पटले नसावे, कारण थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक आन्सोम आणून ठेवला.

फॉर्म उद्या भरायचा आहे.