तुम्ही विचारलंत म्हणून: तिथल्या मुलांना न्यूनगंड असतो का?

अमेरिकेतल्या कॉलेजात गणित शिकवते म्हटलं की पुण्यात कुणीतरी हमखास विचारतं, "तिथली काळी मुलं मागे पडतात ती न्यूनगंडामुळेच ना?"

नाही. स्वतःबद्दल काय वाटतं हे विचारणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांचे गुण सरासरीने गोऱ्यांपेक्षा थोडे जास्तच येतात. तेव्हा "स्वतःवर विश्वास ठेव" छाप भाषणांनी काय साधणार?

समोरचे आपल्याला काय समजतात, ही धास्ती वेगळी. 1995 साली क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मुलांना भाषेची अवघड चाचणी दिली. यातून तुमची बौद्धिक क्षमता कळेल, असं सांगितल्यावर कृष्णवर्णीय मुलं मागे राहिली. तसं काही नाही म्हटल्यावर, प्रवेशपरीक्षेतले आधीचे गुण हिशेबात धरता, फरक जवळपास मिटला. (हा प्रयोग सांगणारे पुष्कळजण ही गुणांची अट गाळतात आणि एका वाक्याने सगळी दरी बुजली असं भासवतात!) पुढच्या काही मोठ्या प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला, म्हणून मी सगळी भिस्त त्यावर ठेवत नाही. पण उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कोडी सोडवणाऱ्या मुलांची जात सर्वांसमोर उच्चारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली, हा कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांचा प्रयोग प्रश्न विचारणाऱ्यांना आवर्जून सांगते.

मला जास्त पटतं ते गणितज्ञ युरी ट्राइजमन यांचं काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या कॉलेजात 1970च्या दशकात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं नापास का होतात, यावर प्राध्यापकांकडे उत्तरं तयार होती: जिद्द नाही, घरून पाठबळ नाही. ट्राइजमन मुलांच्या खोल्यांपर्यंत गेले, तर घरचे पाठीशी होते, जिद्दही होती. मुलं सांगितले तेवढे तास इमानेइतबारे बसत, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र जेवता जेवता एकमेकांची उत्तरं तपासत, चुका काढत. मग ट्राइजमन यांनी गट केले आणि नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली. त्यांतली कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांच्याही पुढे गेली.

म्हणून मी 'कच्च्यांसाठी जादा तास' घेत नाही. शुक्रवारी दुपारी गटाने गणितं सोडवायची, ज्याला यायचं त्याने यावं. पहिलं गणित मुद्दाम असं देते, की ते एकट्याला सुटूच नये.