जुन्या लेथची मेमरी गेली तेव्हा

दिवाळीची सुट्टी संपली की आम्हा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या दुरुस्तीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. त्या वर्षी भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून आला. 1990च्या दशकातली लेथ (धातू कातायची मशीन), जपानी कंट्रोल म्हणजे तिला चालवणारा कॉम्प्युटर, स्क्रीनवर नुसते अलार्म.

पॅनेल उघडल्यावर कारण लगेच कळलं. या पिढीच्या कंट्रोलमध्ये हार्ड डिस्क नसते. पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग, आणि प्रोग्रॅम बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत राहतात आणि बॅटरी म्हणजे टॉर्चमध्ये घालतो तसले तीन मोठे सेल. ते मशीन चालू ठेवूनच बदलायचे असतात. इथे सेल आधीच उतरलेले, त्यात सुट्टीभर मेन स्विच बंद. सगळं पुसलं गेलं होतं.

शेठचा मुलगा म्हणाला, "काका, भंगारात काढू या. नव्या मशीनचं प्रॉडक्शन मोबाइलवर दिसतं."

शेठ म्हणाले, "हिच्यावर इतकी वर्षं बुश, ही गोल पोकळ नळी, दहा मायक्रॉनच्या आत निघतोय. आणि नेटच नाही, तर व्हायरस येणार कुठून?"

शेठचं खोटं नव्हतं. जून 2017 मध्ये सायबर हल्ल्यानं जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. अशा लेथना त्याची झळ लागण्याचा प्रश्नच नव्हता.

पण बॅकअप? कोणीच काढलेला नाही. एवढी भरवशाची मशीन आणि तिच्या मेमरीची एक प्रतही नाही, याचा मला खरोखर राग येतो. नशीब, पॅनेलच्या दाराआड मशीनसोबत आलेली पॅरामीटर शीट होती, तेलानं पिवळी पडलेली. सेटर, म्हणजे मशीन लावणारा कामगार, वाचत गेला, मी टाकत गेलो. कित्येक ओळी नुसत्या आठ-आठ शून्य-एकच्या. एक आकडा चुकला तरी ॲक्सिस, म्हणजे मशीनचा सरकणारा भाग, उलटा धावू शकतो, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली. मग होम पोझिशन (मशीनची सुरुवातीची जागा) आणि टरेट (हत्यारं धरणारा फिरता भाग) लावले. संध्याकाळी पहिला बुश मायक्रोमीटरवर बरोब्बर उतरला.

लगेच आरएस-232 या जुन्या पद्धतीच्या केबलनं सगळी मेमरी लॅपटॉपवर घेतली. या कंट्रोलची मेमरी अजून पंच टेपच्या, म्हणजे पूर्वीच्या भोकं पाडलेल्या पट्टीच्या, मीटरमध्ये मोजतात. 320 मीटर म्हणजे जेमतेम 128 केबी. बुशसाठी तेवढी रग्गड झाली. दर खंडेनवमीला, पूजेच्या आधी, मशीन चालू ठेवून सेल बदलायचे, असं शेठशी ठरलं.

मुलाला म्हटलं, नवी मशीन जरूर घे. गिऱ्हाईक प्रत्येक नगाची नोंद मागायला लागलं तर ही लेथ ती देऊ शकणार नाही. ते काम नवीवर लाव. बुश मात्र हिच्यावरून हलवू नकोस.