‘छान अनुभव सांगितलात’

रविवार, नेरूळ.

काल वाशीच्या अभ्यासमंडळात मी तिसऱ्यांदा गेले आणि पहिल्यांदाच तोंड उघडले. घरी आल्यापासून एकच वाक्य डोक्यात घोळते आहे: “छान अनुभव सांगितलात ताई, आता आपण धोरणाकडे वळू.” मंडळ चालवणाऱ्या सरांच्या बोलण्यात खोच नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. खोच असती तर बरे झाले असते, निदान रागावता तरी आले असते.

विषय तांबड्या समुद्राचा होता. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी भारताकडे येणारे ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज पळवले, तेथपासून सरांनी सुरुवात केली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी जी आघाडी उभी केली तिच्यात भारत का गेला नाही, यावर चर्चा रंगली. बँकवाले काका म्हणाले, ही सामरिक स्वायत्तता. खिडकीपाशी बसणारी ती तरुण मुलगी म्हणाली, ही काठावर बसून पाण्याचा अंदाज घेण्याची आपली जुनी सवय. मला दोघांचेही पटत होते आणि दोघांचेही अपुरे वाटत होते, म्हणून मी हात वर केला.

मी त्या हिवाळ्यातली द्राक्षे सांगितली. नाशिकच्या द्राक्षांचे रीफर, म्हणजे थंड ठेवणारे, कंटेनर न्हावा शेवा बंदरातून सुटत आणि तांबडा समुद्र व सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून युरोपात रॉटरडॅमला जात. वाटेत दहा ते चौदा दिवस वाढले, भाडे वाढले, त्यावर युद्धजोखमीचा अधिभार वेगळा. द्राक्ष काही मुत्सद्दी नव्हे, त्याला थांबता येत नाही. निर्यातदार दिवसातून चार वेळा मला फोन करून विचारत की बोट कुठवर आली, तापमान शून्याजवळ आहे ना, पेटी उघडेपर्यंत देठ हिरवा राहील ना. मी देठापर्यंत आले आणि सर ते वाक्य म्हणाले.

माझे मत तर पुढे होते. मला म्हणायचे होते की आघाडीत नाव न घालताही काम करता येते आणि ते आपण केले. जानेवारी 2024 मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज पेटले तेव्हा आग विझवायला ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावून गेली. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरचे 17 खलाशी सोडवले आणि 35 सोमाली चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केले. वीस मिनिटांनी बँकवाल्या काकांनी यातले निम्मे दोन वाक्यांत सांगितले आणि सर म्हणाले, “नेमका मुद्दा.” काकांचा तो मुद्दा आणि माझा तो अनुभव. इतकी वर्षे त्या बंदराची कागदपत्रे केली, शेवटचे वर्ष तर... असो.

रात्रभर मला हेच खात होते की मत व्हायला नेमके काय लागते. वर्तमानपत्रात वाचलेले असले की ते मत आणि फोन कानाला लावून ऐकलेले असले की तो अनुभव, असे काही आहे का? बाईच्या तोंडून आले म्हणून, असेही एकदा मनात येऊन गेले; पण त्या मुलीला कोणी अडवले नव्हते, तेव्हा ती वाट मी सोडून दिली.

सकाळी चहाच्या वेळी ह्यांना सारे सांगितले. ऐकून घेतले आणि म्हणाले, “तू बिल ऑफ लेडिंगसारखी बोलतेस. सगळा तपशील आधी, सही शेवटी.” बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती. मी चिडले, पण मनातल्या मनात हिशेब केला तेव्हा लक्षात आले की देठापर्यंत पोहोचायलाच मला पाच मिनिटे लागली होती आणि पाटीवर प्रत्येकासाठी तीन लिहिलेली होती.

मग आणखी एक आठवले, जे आठवायला नको होते. ट्रेलरवाले यार्डाबाहेरून फोन करत, “मॅडम, आज रात्र गेटवरच जाणार, कटऑफ हुकेल.” कटऑफ म्हणजे बोटीचा माल बंदरात घेण्याची शेवटची वेळ. मी म्हणत असे, “तुमचा अंदाज नको, टर्मिनलचा मेल येऊ दे.” त्यांची रात्र खरोखरच गेटवर जाई आणि मेल सकाळी येई. मी त्यांना ‘छान अनुभव’ एवढेसुद्धा कधी म्हटले नाही. सर निदान छान तरी म्हणाले.

पुढच्या शनिवारी विषय इराणमधल्या चाबहार बंदराचा आहे. मे 2024 मध्ये आपण तिथले टर्मिनल दहा वर्षांसाठी चालवायला घेतले, त्यामागचे राजकारण सर उलगडतीलच. बंदर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी गेटची रांग येते आणि करार नंतर, त्याला माझा इलाज नाही. यावेळी बोलायचे ते कागदावर लिहून काढते आहे. पहिल्या वाक्यात मत घातले आहे, रांग नाही. दुसऱ्यात आहे.