बुडालेल्या होडीचा पंचनामा

मुंबईच्या सत्र न्यायालयात अमली पदार्थांच्या खटल्यांसाठी जी विशेष न्यायालये आहेत, त्यांत मी गेली एकोणीस वर्षे बचाव पक्षातर्फे उभी राहते. अशा खटल्याचा बराचसा काळ एका पाकिटावर जातो. मुद्देमाल कारकून कापडात शिवलेले पाकीट न्यायाधीशांपुढे ठेवतो, लाखेचे सील शाबूत आहे का हे सगळे वाकून पाहतात, लेबलावरच्या पंचांच्या सह्या पंचनाम्यावरच्या सह्यांशी ताडल्या जातात आणि जप्तीच्या वेळचे वजन प्रयोगशाळेच्या अहवालाशी जुळते का, हे तपासले जाते. माझ्या एका खटल्यात जप्तीच्या वेळी १०४ ग्रॅम भरलेले कोकेन प्रयोगशाळेत ९७ ग्रॅम भरले, आणि त्या सात ग्रॅमवर दीड दिवस उलटतपासणी चालली. कारण साधे होते. शंभर ग्रॅमच्या वर गेले की ते व्यापारी प्रमाण ठरते आणि शिक्षा किमान दहा वर्षांची होते. संशयिताची अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे, हे त्याला सांगितले होते का, या एका प्रश्नावर कित्येक खटले कोसळलेले मी पाहिले आहेत.

हे सारे एवढ्या तपशिलात सांगण्याचे कारण म्हणजे २ सप्टेंबर २०२५ रोजी कॅरिबियन समुद्रात अमेरिकी सैन्याने उडवलेली एक होडी. मागच्या बाजूला इंजिने लावलेली ती उघडी होडी वेगाने जात असताना तिच्यावर मारा झाला आणि पडदा पांढरा झाला, एवढेच त्या चित्रफितीत दिसते. होडीत अकरा जण होते. ते व्हेनेझुएलातील ‘त्रेन दे अराग्वा’ या टोळीचे होते आणि अमली पदार्थ नेत होते, असे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच दिवशी जाहीर केले. माल नेणाऱ्या होडीत अकरा माणसे कशाला, हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न होता, कारण प्रत्येक जादा माणूस म्हणजे तेवढे वजन आणि तेवढा कमी माल. पण हा प्रश्न विचारायला आता ना होडी आहे, ना माल, ना माणसे. २०२५ संपेपर्यंत कॅरिबियन आणि पूर्व पॅसिफिक समुद्रात असे तीसहून अधिक हल्ले झाले आणि शंभरहून अधिक माणसे मारली गेली.

खुल्या समुद्रात संशयित जहाजाशी कसे वागायचे, याचे नियम अगदी स्पष्ट आहेत. खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो त्याच्या ध्वजराष्ट्राचा, म्हणजे ज्या देशाचा ध्वज ते लावते त्या देशाचा. १९८२ च्या सागरी कायदा कराराचे ११० वे कलम युद्धनौकेला दुसऱ्या देशाचे जहाज थांबवून त्यावर चढण्याची मुभा मोजक्या कारणांसाठी देते: चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाजाला कोणतेच राष्ट्रीयत्व नसणे, अशी ती कारणे आहेत. अमली पदार्थांची वाहतूक त्या यादीत नाही. तिच्याबाबत देशांनी परस्परांना सहकार्य करावे, असे १०८ वे कलम सांगते. १९८८ च्या व्हिएन्ना कराराच्या १७ व्या कलमानुसार संशयित जहाजावर चढण्यापूर्वी ध्वजराष्ट्राची संमती घ्यावी लागते, आणि हे करताना समुद्रावरील जीवित धोक्यात येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. सागरी कायदा करारावर अमेरिकेने शिक्कामोर्तब केलेले नाही हे खरे, पण त्यातील नौवहनाचे बहुतेक नियम रूढ कायदा म्हणून तिने स्वतःच मान्य केलेले आहेत, आणि १९८८ च्या कराराची तर ती सदस्यच आहे.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाला हे काम येत नाही असेही नाही. गेल्या पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्या दलाचे नेमबाज हेलिकॉप्टरमधून पळत्या होडीचा पाठलाग करतात, आधी थांबण्याचा इशारा देतात, मग होडीपुढच्या पाण्यात गोळ्या झाडतात आणि तरीही ती थांबली नाही तर नेमका इंजिनावर नेम धरून ते बंद पाडतात. त्यानंतर लहान बोटीतून जवान होडीवर चढतात, माल ताब्यात घेतात आणि खलाशांना अमेरिकी न्यायालयात उभे करतात. त्यासाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. थांबवलेल्या प्रत्येक होडीत माल सापडतोच असे नाही, हे केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल तटरक्षक दलाच्याच आकड्यांचा हवाला देऊन सांगत आले आहेत. माल सापडला नाही तर होडी आपल्या वाटेने जाते. क्षेपणास्त्राच्या बाबतीत ती सोय नसते.

या वादात मला वारंवार आठवते ते ‘आय ॲम अलोन’ या दुशिडी जहाजाचे प्रकरण. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा कॅनडाचा ध्वज लावलेले हे जहाज बेलीझहून दारू घेऊन निघाले होते. अमेरिकी तटरक्षक दलाने दोन दिवस पाठलाग करून २२ मार्च १९२९ रोजी मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्यापासून दोनशे मैलांहून अधिक अंतरावर, ते तोफा डागून बुडवले. एक खलाशी बुडून मरण पावला. पुढे दोन्ही बाजूंच्या एकेका न्यायाधीशाच्या आयोगापुढे हा वाद गेला आणि १९३५ मध्ये आयोगाने सांगितले की, जाणूनबुजून जहाज बुडवण्याचे हे कृत्य आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही. जहाजाचे खरे मालक अमेरिकी तस्करच होते, म्हणून जहाजाची आणि मालाची भरपाई नाकारली गेली. पण अमेरिकेने कॅनडाची माफी मागावी, २५,००० डॉलर द्यावेत आणि कप्तान, खलाशी व मृताच्या कुटुंबासाठी आणखी २५,६६६ डॉलर ५० सेंट द्यावेत, असा निर्णय झाला. जहाजात दारू होती याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते, हे लक्षात घ्यावे. (तोवर दारूबंदीही उठली होती.)

मग आता वेगळे काय झाले? शब्द बदलला. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही टोळ्यांना परदेशी दहशतवादी संघटना घोषित करण्यात आले, आणि ऑक्टोबरच्या आरंभी अमेरिकी प्रशासनाने काँग्रेसला कळवले की, अमेरिका या टोळ्यांशी ‘बिगर-आंतरराष्ट्रीय सशस्त्र संघर्षात’ गुंतलेली असून होडीतील माणसे ‘बेकायदा लढवय्ये’ आहेत. संशयिताला मारण्यापूर्वी त्याच्यापासून कोणाच्या तरी जिवाला तात्काळ धोका आहे हे दाखवावे लागते. शत्रुपक्षाच्या लढवय्याला तो कोण आहे एवढ्यावरूनच मारता येते. म्हणून सारा खटाटोप त्याला लढवय्या ठरवण्यासाठी आहे.

परंतु सशस्त्र संघर्ष केवळ जाहीर केल्याने सुरू होत नाही. युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाने १९९५ मध्ये टाडिच खटल्यात दिलेली कसोटी आज सर्वत्र मानली जाते: समोर संघटित सशस्त्र गट हवा आणि त्याच्याशी प्रदीर्घ सशस्त्र हिंसाचार चालू हवा. कोकेन विकणे हा गुन्हा आहे, क्रूर गुन्हा आहे, पण तो गोळीबार नव्हे. विकणाऱ्याला ग्राहक जिवंत हवा असतो. त्यातही अमेरिकेत सर्वाधिक बळी घेणारे फेंटानिल प्रामुख्याने मेक्सिकोतून जमिनीच्या मार्गाने येते, कॅरिबियनमधील होड्यांतून नव्हे. दहशतवादी म्हणून घोषित केल्याने त्या संघटनेचा पैसा गोठवता येतो आणि तिला मदत करणाऱ्यावर खटला भरता येतो. बळाच्या वापराची परवानगी त्यातून मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार उच्चायुक्त फोल्कर टुर्क यांनी ३१ ऑक्टोबरला हे हल्ले आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायद्याचा भंग असल्याचे स्पष्ट म्हटले, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे.

क्षणभर युद्ध आहे असे मानू या. नोव्हेंबरच्या अखेरीस बातमी आली की, २ सप्टेंबरच्या पहिल्या माऱ्यातून दोघे जण वाचले होते, होडीच्या अवशेषांना धरून ते पाण्यात तरंगत होते, आणि त्यानंतर पुन्हा मारा करून त्यांना ठार करण्यात आले. दुसरा मारा झाला आणि तो अ‍ॅडमिरल फ्रँक ब्रॅडली यांच्या आदेशाने झाला, हे व्हाइट हाउसने मान्य केले. होडी पूर्ण नष्ट करण्यासाठी तो आवश्यक होता, असा बचाव केला गेला. येथे मात्र युद्धाचा मुखवटाही उपयोगी पडत नाही. जहाज फुटून पाण्यात पडलेल्या माणसावर हल्ला करू नये, उलट त्याला वाचवावे, हे १९४९ च्या दुसऱ्या जीनिव्हा कराराचे सूत्र आहे. आणि उघड बेकायदा असलेल्या आदेशाचे उदाहरण द्यायचे झाले तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या युद्धकायदाविषयक नियमपुस्तिकेने नेमके हेच उदाहरण दिले आहे: जहाज फुटलेल्यांवर गोळीबार करण्याचा आदेश. ते उदाहरण ‘लँडोव्हरी कॅसल’ या कॅनडाच्या रुग्णालयजहाजावरून आले आहे. जून १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवले आणि नंतर जीवनरक्षक बोटींवर गोळ्या झाडल्या. १९२१ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने, म्हणजे जर्मन न्यायाधीशांनीच, पाणबुडीच्या दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवले आणि वरिष्ठांचा आदेश होता हा त्यांचा बचाव फेटाळला. दुसऱ्या महायुद्धात ‘पेलेयुस’ हे जहाज बुडवून त्याच्या तराफ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या जर्मन पाणबुडीचा कप्तान हाइन्झ-विल्हेल्म एक यानेही, पाणबुडीचा ठावठिकाणा लपवण्यासाठी अवशेष नष्ट करणे भाग होते, असे सांगितले होते. हॅम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने ते मानले नाही आणि ३० नोव्हेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. अवशेष नष्ट करायचे होते, हा युक्तिवाद इतक्या वर्षांनी पुन्हा वाचताना मला अंगावर काटा आला, हे कबूल करते.

माझ्या कार्यालयातील कनिष्ठ वकील मात्र ठाम होता. ‘‘मॅडम, ते काही मासे पकडायला गेले नव्हते,’’ असे तो म्हणाला. मी त्याला १६ ऑक्टोबरच्या हल्ल्याचे काय झाले ते विचारले. त्या दिवशी पाण्याखाली अर्धवट बुडून चालणाऱ्या एका नौकेवर मारा झाला, दोघे मेले आणि दोघे जिवंत हाती लागले. अमेरिकेने त्यांना युद्धकैदी केले नाही आणि न्यायालयातही उभे केले नाही. एकाला कोलंबियाला आणि दुसऱ्याला इक्वेडोरला पाठवून दिले. आणि इक्वेडोरने आपल्या माणसाविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा नाही म्हणून त्याला सोडून दिले. ते लढवय्ये असतील तर युद्ध चालू असताना शत्रूचा सैनिक कोणी घरी पाठवतो का? आणि गुन्हेगार असतील, तर खटला कुठे आहे? जिवंत राहिलेल्या माणसाबद्दल वकील, न्यायाधीश आणि हेबियस कॉर्पस, म्हणजे कैदेला आव्हान देणारा अर्ज, येतो, आणि मग त्या सशस्त्र संघर्षाचा पुरावा मागितला जातो. कनिष्ठाने यावर उत्तर दिले नाही, पण त्याचे मत बदलले असेही मला वाटत नाही.

आपण यात फार निर्मळ आहोत असे मानायचे कारण नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात आयएनएस तबरने चाच्यांची मातृनौका बुडवली म्हणून आपल्याकडे जल्लोष झाला होता. त्या नौकेवर सशस्त्र चाचे होते आणि त्यांनी युद्धनौका उडवण्याची धमकी दिली होती, असे नौदलाने सांगितले, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण ती नौका म्हणजे चाच्यांनी पळवलेला ‘एकावत नावा ५’ हा थाई मालकीचा मासेमारी ट्रॉलर होता आणि त्याचे खलाशी आतच होते. कित्येक दिवस समुद्रात तरंगत राहिलेला एक कंबोडियन खलाशी वाचला. बाकीच्यांपैकी एकाचा मृत्यू झाला आणि चौदा जण बेपत्ता राहिले, असे मालकाने सांगितले. दुरून पाहणाऱ्याला होडीच्या पोटात कोण आहे हे दिसत नाही.

त्याच नौदलाने मार्च २०२४ मध्ये काय केले, तेही सांगितले पाहिजे. सोमाली चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ या मालवाहू जहाजावरून आयएनएस कोलकात्यावर गोळीबार झाला. त्यानंतर आपल्या नौदलाने त्या जहाजाची दिशादर्शक यंत्रणा निकामी केली, सुमारे चाळीस तास त्याला अडवून धरले, मार्कोस कमांडो हवाई छत्रीने उतरवले, सतरा खलाशी सोडवले आणि पस्तीस चाच्यांना शरण आणले. त्या पस्तीस जणांना २३ मार्चला मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करण्यात आले. युद्धनौकेवर गोळ्या झाडणाऱ्या त्या माणसांनाही मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहता आले आणि वकील मिळाला. आमच्या बार रूममध्ये त्यावरून बरीच कुरकुर झाली होती की, दुभाषे कुठून आणायचे आणि खर्च कोणी करायचा.

अमली पदार्थांच्या धंद्याबद्दल मला सहानुभूती नाही. एमडीने (मेफेड्रोन या अमली पदार्थाने) पोखरलेली विशीतली मुले मी रोज पाहते. पण २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या तस्करालासुद्धा न्यायाधीशाला दुसरा पर्यायच न ठेवता फाशी देण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. तेथे गुन्हा दोनदा शाबीत झालेला होता.

अमेरिकेच्या काँग्रेसने काय केले, हे थोडक्यात आटोपते. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावानुसार परवानगीविना साठ दिवसांपलीकडे लढाई चालवता येत नाही. प्रशासनाने सांगितले की, अमेरिकी सैनिकांना धोका नसल्यामुळे ही त्या अर्थाने लढाईच नव्हे. माणसे मारण्यासाठी युद्ध आणि परवानगी मागण्यापुरते युद्ध नाही, हा कोटिक्रम कोणत्याही वकिलाला लाजवील. सिनेटमध्ये हे हल्ले रोखण्याचा ठराव ऑक्टोबरमध्ये आणि व्हेनेझुएलावरील लष्करी कारवाई रोखण्याचा ठराव नोव्हेंबरमध्ये थोडक्या मतांनी पडला.

३ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकी सैन्याने काराकासमध्ये शिरून व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांनाच पकडून नेले. त्या कारवाईची कायदेशीरता हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण ५ जानेवारीला ते मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात उभे होते. ज्या माणसाला अमेरिका या साऱ्या तस्करीचा सूत्रधार म्हणते, त्याच्याविरुद्ध तेथे लेखी आरोपपत्र होते, त्याच्या शेजारी वकील होता, समोर न्यायाधीश अल्विन हेलरस्टीन होते आणि आपण निर्दोष आहोत असे सांगण्याची संधी त्याला मिळाली. २ सप्टेंबरच्या होडीतील अकरा जणांची नावे अमेरिकी सरकारने जाहीर केलेली नाहीत.