युलोंग हिमपर्वतावर

चीनच्या युन्नान प्रांतातील लिजियांगजवळच्या युलोंग हिमपर्वतावर केबल कार आपल्याला ३,३५६ मीटरवरून थेट ४,५०६ मीटरवर आणून सोडते, आणि विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नसल्यामुळे पहिल्या काही पावलांतच धाप लागते. पुढे ४,६८० मीटरपर्यंत पायऱ्या आहेत. दर वीस पायऱ्यांनंतर मी कठड्याला टेकून प्राणवायूचा छोटा डबा नाकाशी धरत होते. शेजारी एक आजोबा स्वतः धापा टाकत असूनही आपला डबा आधी नातवापुढे करत होते. ५,५९६ मीटर उंचीचे शान्झीदौ शिखर ढगांतून क्षणभरच दिसले. इथले स्थानिक नाशी लोक हा पर्वत पवित्र मानतात, ते तिथे उभे राहिल्यावर मनोमन पटले. हिमनदी मागे सरलेल्या जागी उघडा पडलेला करडा खडक पाहून मात्र जीव हळहळला.