चौकाआधी तिसरा गिअर पडला ती सकाळ

बसला वेगळी लेन द्या म्हटलं की लोक लगेच पुण्याचं नाव काढतात, "तिथं काय झालं माहितीये ना". पुण्याचं काय झालं ते सांगतो पुढे, पण मला लिहायचंय ते आमच्या खान्देशातल्याच एका शहरातल्या एका सकाळबद्दल. शहराचं आणि ऑफिसचं नाव टाकत नाही कारण काम अजून चालू आहे. मी ट्रॅफिक सर्वेचं काम करतो, कन्सल्टंटच्या हाताखाली, फील्डवर पोरं लावणं, शीट तपासणं, आकडे भरून देणं हे माझ्याकडे.

सर्वे म्हणजे चौकात खुर्ची टाकून गाड्या मोजायच्या असं सगळ्यांना वाटतं, तेही असतंच, पण बसचा उशीर मोजायचा तर बसमध्येच बसावं लागतं. दाराजवळच्या सीटवर आमचा एक पोरगा, मांडीवर पॅड, प्रत्येक थांब्याला चार वेळा टिपायच्या: चाक थांबलं कधी, पहिला माणूस उतरला कधी, शेवटचा चढला कधी आणि चाक परत फिरलं कधी. मध्येच कुठे बस अडली तर कारणाचा कोड टाकायचा, सिग्नल, रिक्षा, हातगाडी, वळणारा ट्रक असं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की घामाने कागद ओला होतो आणि पेनची शाई पसरते, म्हणून मी सगळ्यांना पेन्सिलच देतो. मोबाईलचं अ‍ॅप आहे पण आमच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, आणि जीपीएस फार तर बस थांबली हे सांगेल, का थांबली ते नाही सांगत. त्याला माणूसच लागतो आणि ही पोरं ते काम इतकं नीट करतात की मला त्यांचा अभिमान वाटतो, त्यांना मिळणारी रोजंदारी मात्र सांगायला लाज वाटावी अशी आहे.

शीट जुळवल्या तेव्हा चित्र एकदम स्पष्ट होतं. शहराबाहेरचा जो रुंद रस्ता, कॉलेजपासून बायपासपर्यंतचा, तिथं बस कुठेच अडत नाही, कारबरोबर जाते. वेळ जातो दोन ठिकाणी. एक म्हणजे थांब्यावर, कारण दोन उंच पायऱ्या चढायच्या, हातात पिशव्या, आणि टप्पा संपायच्या आत तिकिटं पुरी व्हायला पाहिजेत म्हणून कंडक्टर बस उभी करून ठेवतो. आणि दुसरं म्हणजे मुख्य चौकाच्या आधीचे सातशे-आठशे मीटर. तिथं डाव्या बाजूला रिक्षांची रांग, तिच्या पुढे केळीच्या गाड्या, तिच्या पुढे दवाखान्यासमोर लावलेल्या मोटारसायकली, आणि उरलेल्या पट्टीतून सगळं शहर जातं. बाहेरच्या पाच किलोमीटरला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच त्या तुकड्यात जातो. आणि उशीर तिथंच संपत नाही. अडकलेल्या बससाठी पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढायला जास्त वेळ, ती आणखी मागे पडते, मागची बस रिकामी असते म्हणून पटापट येऊन तिला गाठते. मग लोक म्हणतात अर्धा तास एकही बस नाही आणि आल्या तर दोन एकदम. दोष ड्रायव्हरला देतात, त्या बिचाऱ्याचा काय संबंध.

आता एक गोष्ट जी मला वर्षानुवर्षं खटकते. आपल्याकडे गाड्या मोजताना प्रत्येक गाडीला कारच्या हिशोबात एक आकडा देतात, त्याला पीसीयू म्हणतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या कोष्टकात कार १, आणि बस गर्दीतल्या प्रमाणानुसार २.२ ते ३.७. म्हणजे बसने जागा किती खाल्ली ते बरोबर मोजलं जातं पण आत माणसं किती याला आमच्या फॉर्मात कॉलमच नाही. साठ माणसं उभी-बसलेली घेऊन जाणारी बस कागदावर तीन कारएवढा अडथळा होऊन बसते. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं २००६ मध्ये, त्यात सरळ म्हटलंय की गाड्यांची नाही माणसांची ये-जा महत्त्वाची, पण फॉर्म काही बदलला नाही. म्हणून मी शेवटी पेन्सिलीने एक रकाना आखून घेतला, माणसं.

तर चाचणी. बऱ्याच पत्रापत्रीनंतर एका सकाळसाठी परवानगी मिळाली, त्या आठशे मीटरवर प्लास्टिकचे कोन आणि दोरी लावून एक लेन फक्त बसला. मला ती रस्त्याच्या मधोमध पाहिजे होती, कारण डावीकडची लेन आपल्याकडे टिकतच नाही, दुकानाचा माल तिथंच उतरतो आणि रिक्षा तिथंच थांबते. पण मधोमध लेन म्हणजे मधोमध थांबा, लोकांना रस्ता ओलांडायची सोय, त्याला पैसे लागतात, म्हणून डावीकडेच घ्या म्हणाले. घेतली. पोलीस दिले होते आणि त्यातला एक हवालदार खरंच मनापासून काम करत होता, एकेका रिक्षावाल्याला "भाऊ, दुपारपर्यंत मला एवढी मदत कर" असं म्हणत हलवत होता, शिवी नाही की दंडुका नाही.

पहिल्या काही बसमध्ये मी स्वतः बसलो. नाना म्हणून एक जुने ड्रायव्हर आहेत, रिटायरमेंटला आलेले, ते वळणावरून आत आले, समोर रस्ता मोकळा दिसला, गिअर टाकला आणि मागे न बघता मला म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं झाली, या चौकाआधी तिसरा गिअर आज पडला." मी शीटवर वेळ टाकली, एरवीच्या निम्म्याहूनही कमी.

माझ्या शेजारी एक मावशी होत्या, वांग्यांची गोणी पायाशी. हे कोन कशाचे म्हणून विचारलं त्यांनी, मी सांगितलं. तर म्हणे, "मना पोऱ्या सुरतले ऱ्हास, उधनाले. तठे तं बसना रस्ता न्याराच शे. बस फलाटले लागस, पाय उचलना बी पडत नही." एका वाक्यात त्यांनी आमच्या अहवालाची दोन प्रकरणं सांगून टाकली. सुरतची बीआरटीएस, म्हणजे बसला स्वतःचा वेगळा रस्ता असलेली सेवा, २०१४ ला सुरू झाली, आज शंभर किलोमीटरच्या वर आहे, थांबा रस्त्याच्या मध्ये, तिकीट आधीच काढायचं, फलाट आणि बसची फरशी एका उंचीला. आपली अर्धी खान्देशी माणसं सुरतला कामाला आहेत, त्यांनी हे रोज वापरलंय, त्यांना समजवावं लागत नाही. समजवावं लागतं ते मीटिंगमधल्या लोकांना, जे बसमध्ये शेवटचे कधी बसले होते देव जाणे.

साडेनऊनंतर बिनसायला लागलं. केळीवाल्यांना बाजूच्या मोकळ्या जागेत हलवायचं ठरलं होतं, ती जागा कुणी उघडूनच दिली नाही, मग ते परत आले आणि त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, सकाळचा धंदा गेला तर त्यांचा दिवस गेला. रिक्षा स्टँडचंही तेच. शाळा आणि ऑफिसची गर्दी एकदम आली, शेजारच्या लेनमध्ये हॉर्न सुरू झाले, आणि वाईट भाग हा की दोन बसच्या मध्ये लेन रिकामी दिसते. रिकामी दिसते म्हणूनच ती चालते, पण उन्हात कारमध्ये अडकलेल्याला कोण सांगणार. मी तेवढ्यात पंधरा मिनिटं दोन्हीकडची माणसं मोजून घेतली, रिकाम्या दिसणाऱ्या लेनमधून जास्त माणसं गेली होती. कुणीतरी वर फोन केला, वरून हवालदाराला फोन आला, आणि अकराच्या आत कोन टेम्पोत. हवालदार मला म्हणाला, "अजून तासभर मिळाला असता तर लोकांना सवय झाली असती भो."

खरी गोष्ट त्यानंतरची आहे, जी माझ्या डोक्यातून जात नाही. काही आठवड्यांनी ड्रॉइंग आलं. बसलेन आहे. कॉलेजपासून बायपासपर्यंत सलग, लाल रंगाची, बोर्डासकट. चौकाच्या आधीचे आठशे मीटर मात्र 'मिश्र वाहतूक'. म्हणजे जिथं बस अडत नाही तिथं लेन आणि जिथं अडते तिथं नाही. आणि याला आधार म्हणून माझाच सर्वे जोडलाय.

हे ठरवणारे आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं, आधी सोप्या ठिकाणी सुरू करू, लोकांनी बघू दे, मग आत आणू. ऐकायला पटतं. पण पुण्यात २००६ ला देशातली पहिली लेन झाली कात्रज-स्वारगेट-हडपसरला, ती चौकांत आणि पुलांजवळ तुटत गेली आणि लोकांना फायदा जाणवलाच नाही. दिल्लीत २००८ ला ५.८ किलोमीटर केली, कारवाले कोर्टात गेले, २०१२ ला हायकोर्टाने लेनच्या बाजूने निकाल दिला तरी २०१६ ला उखडली. आपल्या शेजारच्या इंदूरला २०१३ पासूनची साडेअकरा किलोमीटरची लेन, बस भरून जायच्या, तीही २०२५ मध्ये काढायला घेतली. चालणारी लेन टिकवणं जिथं एवढं अवघड आहे तिथं न चालणारी लेन दाखवून लोक आपल्या बाजूला येतील हे मला पटत नाही. बाहेर पाच किलोमीटर लाल रंग मारू, बस पूर्वीएवढाच वेळ घेईल, आणि वर्षभरात सगळे म्हणतील बघा, फेल गेलं.

दुसरीकडे असंही वाटतं की मी अडून बसलो तर तेही जाईल, आणि मावशींना तीच उंच पायरी.

पुढची बैठक लागली आहे. मी लेखी देणार आहे की दोन्ही जमत नसेल तर बाहेरचे पाच किलोमीटर सोडा आणि ते आठशे मीटर द्या, त्याच पैशात केळीवाल्यांची जागा उघडा, थांब्याला फलाट करा. आणि चाचणी परत घ्या, निदान आठवडाभर, नऊ ते बारा धरून, आणि मोजणीच्या फॉर्मात माणसांचा रकाना छापून.